चार बोटांची दुरुस्ती

सावली सहा मिनिटं पुढं होती.

निकितानं मोबाइल पुन्हा पाहिला. बरोबर बारा. किन्हीराजाच्या शाळेच्या अंगणात कमरेएवढा विटांचा खांब, त्यावर दोन फुटांची चौकोनी फरशी, फरशीवर त्रिकोणी पत्रा उभा. आणि त्या पत्र्याची सावली बारा वाजून सहा मिनिटांच्या खुणेवर निवांत पडलेली.

मागं असती तर तिला काही वाटलं नसतं. उलट ती मागंच असायला हवी होती. आपल्या सगळ्यांच्या मनगटावर जी वेळ असते ती मिर्झापूरजवळच्या रेखांशाची. वाशिम जिल्हा तिथून जवळजवळ साडेपाच अंश पश्चिमेला. म्हणजे सूर्य इथं माथ्यावर यायला साडेएकवीस मिनिटं उशीर करतो. ऋतूनुसार या आकड्यात जास्तीत जास्त सोळा मिनिटांची घट-वाढ होते. कसाही हिशेब मांडला तरी इथली सावली वर्षातल्या एकाही दिवशी भारतीय वेळेच्या पुढं जाऊ शकत नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला हे कागदाशिवाय सांगता येत होतं.

आणि घड्याळ करणाऱ्याला तर नक्कीच येत होतं. तो तिचा आजोबा होता.

हवालदार जगदेव लहाने. तोफखान्यात वीस वर्षं सर्व्हेचं काम. आपली तोफ नेमकी कुठं उभी आहे, समोरची कुठं असावी, हे कोन आणि अंतर मोजून काढायचं. अठ्ठ्याऐंशी साली पेन्शन घेऊन गावी आले आणि तीन वर्षांनी शाळेच्या अंगणात त्यांनी हे सावलीचं घड्याळ बांधलं. मागल्या जानेवारीत ते गेले. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, खांबाला त्यांच्या नावाची पाटी लावायची असं मुख्याध्यापक सतीश सरांनी ठरवलं होतं. पाटीखाली स्टीलच्या पत्र्यावर एक तक्ता कोरायचा होता: कोणत्या महिन्यात, कोणत्या वाजता, सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची म्हणजे मोबाइलची वेळ येईल.

"तक्ता तूच कर," सर फोनवर म्हणाले होते. "तुझ्याइतकं त्यांचं कोणाला कळणार?"

म्हणून ती आठवडाभर आधी आली होती. तक्ता तिनं पुण्याहूनच करून आणला होता. फक्त एकदा ताडून पाहायचा, एवढंच काम होतं. आता तो जुळत नव्हता.

"काय पाहून राह्यली वं इतकं?" पंचफुला खिचडीचं पातेलं घासता घासता विचारत होती. शाळेतला पोषण आहार तीच शिजवायची.

"घड्याळ चुकतं का काकू हे?"

"थे काय आजचं हाये? फौजीचं घड्याळ थंडीत पळते अन् उन्हाळ्यात दमते. सारं गाव म्हणते." पंचफुलानं पातेलं पालथं घातलं. "पण कुकर मात्र त्यायनंच सुधरवून देल्ला होता मले. अशी शिट्टी वाजे का रेल्वेवाल्यानं जऊळक्याच्या टेसनावरून पाहा. आबाजी गेले अन् तवापासून भात करपून राह्यला."

कुकर, रेडिओ, चष्म्याची दांडी, भजनी मंडळाची फाटक्या भात्याची पेटी. असं काही नव्हतं जे आबांनी उघडून पाहिलं नव्हतं. कपडे शिवायला ते पलटणीतल्या शिंप्याकडून शिकले आणि मुन्नाकाकाच्या लग्नाचा कोट त्यांनी घरी शिवला. डोसा तमिळ सोबत्याकडून शिकले; तवा तापला की नाही ते पाण्याचा थेंब किती वेळ नाचतो त्यावरून ठरवत, आणि तो वेळ घरच्या पोरींना मोजायला लावत. तांड्यावरच्या सेवालालकडून बंजाऱ्यांची गोरमाटी बोली शिकले, इतकी की तांड्यावरच्या बाया भांडण सोडवायला त्यांना बोलावत. निकिताची वेणीही तेच घालत. तिन्ही पेड सारख्या जाडीचे आहेत का हे एकदा त्यांनी व्हर्निअर कॅलिपर लावून पाहिलं होतं. वर्गात ते यंत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा बाकीच्या मुली घाबरल्या आणि निकिताला आपल्या डोक्याला लागणारा त्याचा गार स्पर्श आठवला.

लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. तिनं शाळेत असताना एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "गोळा कुठं पडला थे मोजाचं काम होतं माह्यं. कोणावर पडला, थे मी तवा इचारलं नाही. म्हणून मंग पुढं जे दिसलं त्याच्याबद्दल इचारत राह्यलो."

असा माणूस उत्तर दिशा चुकेल?

कारण चूक दिशेचीच होती. तो त्रिकोणी पत्रा नेमका उत्तरेकडे रोखलेला असावा लागतो. तिनं मोबाइलचं होकायंत्र लावलं, मग त्यावर विश्वास न ठेवता अंगणात काठी रोवली आणि सकाळ-दुपारच्या सारख्या लांबीच्या सावल्यांमधून उत्तर काढली. दोन दिवस काढली. दोन्ही दिवशी उत्तर एकच आलं. पत्रा पश्चिमेकडे चौदा अंश सरकलेला होता. एक-दोन अंश असते तर हात हलला म्हणता आलं असतं. चौदा अंश म्हणजे सर्व्हेवाल्याची लाजच.

तिला आठवलं, आठ-नऊ वर्षांची असताना ती पट्टी घेऊन या खांबाकडे धावली होती. आबांनी तिचा हात धरून वळवलं होतं. "हे घड्याळ पाहाचं असते, मोजाचं नसते. चाल, तुले पिंपळाची उंची मोजाले शिकवतो." तेव्हा पिंपळ मोठा वाटला होता. आता तिला वाटलं, आबांना आपली चूक माहीत होती आणि त्यांनी ती नातीपासून लपवली. ज्या माणसानं मोजायला शिकवलं त्यानंच. तक्त्यापेक्षा हे जास्त टोचत होतं.

संध्याकाळी ती सेवालालबाबांकडे गेली. ते शाळेचे जुने शिपाई; तीस वर्षं शाळेची घंटा त्यांनी वाजवली होती. आबांचे सगळ्यात जवळचे. आता तांड्यावर घरासमोर बाजेवर बसून असत.

"बाबा, आबांच्या घड्याळाला कधी कोणी हात लावला होता का?"

सेवालालबाबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. वर्षानुवर्षं कोणीतरी विचारावं म्हणून ते वाट पाहत असावेत.

"कोणाले सांगशील नाही?"

"नाही."

"मीनंच सुधरवलं थे."

निकितानं चहाचा कप खाली ठेवला.

"सन दोन हजार सात. तुह्या आबाले पुण्याच्या फौजी दवाखान्यात ठेवलं होतं, पोटाच्या आपरेशनाले. सव्वीस जानेवारीले वरचे साहेब येणार होते शाळेत. तवाचे हेडमास्तर म्हणे, साहेबाले फौजीचं घड्याळ दाखवू. आता बाई, थे घड्याळ तं अर्धा घंटा मागं. नेहमीच मागं रायचं. लोक हसत. मी घंटा वाजवली का पोट्टे म्हणत, 'बाबा, फौजीच्या घड्याळात आजून टाइम हाये.' जगदेव आयकून घ्याचा, काही बोलाचा नाही. मले लय लागे. माणूस दवाखान्यात पडला अन् साहेबानं येऊन त्याच्या कामाले हसावं? मी मुन्नाले घेतलं, लोखंडी सब्बल घेतली. झेंड्याच्या दिवशी फरशीचा चुना फोडला, अन् माह्या घड्याळात नऊ वाजले तवा सावली नवावर येईस्तोर फरशी फिरवली. चार बोटं. जास्त नाही. वरून सिमेट लावलं."

"मग?"

"मंग काय? साहेबानं मनगट पाह्यलं, सावली पाह्यली. म्हणे, वा. अचूक. टाळ्या वाजल्या." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, जणू ती टाळी तिथं अजून गरम होती. "जगदेव दवाखान्यातून आला. शाळेत गेला. घड्याळाजवळ उभा राह्यला लय वेळ. मी म्हटलं, 'पाह्य फौजी, आता लागलं बरोबर.' त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, 'सेवालाल, तुह्यासारखा दोस्त नाही.' बस. त्याले कळलं असन मीनं केलं ते. पण त्यानंही कोणाले सांगतलं नाही."

तिला खूप काही सांगता आलं असतं. की आधी ते घड्याळ बरोबर होतं, त्याचं मागं असणं हेच बरोबर होतं. की एका दिवशी नऊ वाजता जुळवलेली सावली त्या दिवसापुरती आणि त्या वेळेपुरतीच जुळते. पण सेवालालबाबा तिच्याकडे इतक्या आनंदानं पाहत होते, की तिनं चहा संपवला आणि उठली.

घरी मुन्नाकाका सोयाबीनची रिकामी पोती झटकत होता.

"काका, फरशी तूही फिरवली होतीस?"

"सांगतलं का सेवालालबाबानं?" काका ओशाळून हसला. "मी दुसरीकडून धरली होती फक्त. सांगाचं तं त्यानंच ना, इतके दिवस पोटात ठेवलं."

"आबा तुला काही बोलले नाहीत?"

"नाही ना. मारतील म्हणून मी दोन दिवस रिसोडले मावशीकडं जाऊन बसलो होतो. परत आलो तं बुढा टिनावर चढून भोक पाडून राह्यला होता."

"कसलं भोक?"

"थेच, मधल्या खोलीतलं."

ते भोक घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या खोलीच्या टिनाच्या छपराला ते होतं आणि पावसाळ्यात त्याखाली पातेलं ठेवावं लागे. आजी, गोजराबाई, दर वर्षी त्यावरून बोलायची: गावभराचं जोडून देल्लं, घरचं भोक नाही बुजवलं. निकितानं लहानपणापासून हे ऐकलं होतं आणि इतर अनेक तक्रारींसारखं सोडून दिलं होतं.

आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. निकिता तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, आबांनी भोक काहून पाडलं होतं?"

"मले काय माहीत? दवाखान्यातून आले, शाळेत गेले, परत आले अन् म्हणे खिळा दे, हातोडी दे. टाके सुकले नव्हते त्यायचे. मी म्हटलं, टिन कायले फोडता? तं म्हणे," आजीनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात पुसला, "म्हणे, 'गोजरा, गावानं मले घड्याळ दुरुस्त करून देल्लं. आता मले एक दुसरं लागन.'"

"आणि?"

"अन् काय? मंग वर्षभर फरशीवर खिळे ठोकत बसले. त्या कोठीखाली पाह्य, असतील."

निकिता आणि मुन्नाकाकानं धान्याची कोठी सरकवली. खाली शहाबादी फरशीत, एका रेषेत, पितळी स्क्रूची डोकी बसवलेली होती. चुलीच्या बाजूपासून दारापर्यंत बावीस. निकितानं मोबाइल काढून रेषेवर ठेवला. मग तो बाजूला ठेवून दोरा, ओळंबा घेतला. रेषा उत्तर-दक्षिण होती. तिच्या साधनांना दिसेल इतकीही चूक तिच्यात नव्हती.

"याच्यावर कवडसा येते," आजी चुलीपासूनच म्हणाली. "थंडीत इकडं माह्याजवळ, उन्हाळ्यात दाराकडं. खिळ्यावर आला का ताट वाढाचं. अठरा वर्षं मीनं त्यायले तसंच वाढलं. घड्याळ पाहाचं काम नाही पडलं. आता कोणाले वाढाचं, म्हणून कोठी सरकवली त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी निकिता बारा वाजल्यापासून फरशीवर बसली होती. हिशेबानं त्या दिवशी सूर्य माथ्यावर यायची वेळ बारा वाजून तेहेतीस मिनिटं. रुपयाएवढा कवडसा पश्चिमेकडून सरकत आला, चुलीकडून तिसऱ्या स्क्रूच्या डोक्यावर चढला आणि पितळ चमकलं. तिनं मोबाइल पाहिला. बारा तेहेतीस.

आबा चुकले नव्हते. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, किती अंश फिरलं, कोणी फिरवलं आणि कशासाठी. सब्बल घेऊन परत फिरवणं अर्ध्या तासाचं काम होतं. त्याऐवजी त्यांनी ओल्या टाक्यांनी टिनावर चढून दुसरं घड्याळ केलं, आणि शाळेतलं सेवालालचं म्हणून राहू दिलं. उन्हाळ्यात दमतं आणि थंडीत पळतं असं गाव हसलं, तर हसू दिलं.

तिचा जीव मात्र शांत होईना. सव्वीस जानेवारी तीन दिवसांवर होती. पाटीवर आबांचं नाव येणार आणि त्याखाली चुकीचं घड्याळ. पुढं कोणी तिच्यासारखी मुलगी येईल, सावली मोजेल आणि म्हणेल, या माणसाला उत्तर सापडली नाही.

"फिरवून टाकू का रात्री?" मुन्नाकाका म्हणाला. "सब्बल तीच हाये."

"सेवालालबाबांना कळेल."

"कळलं तं कळलं."

निकितानं मान हलवली आणि वही काढली. घड्याळ फिरवायचं नसेल तर तक्ता फिरवावा लागणार होता. चौदा अंश सरकलेल्या पत्र्याची सावली प्रत्येक महिन्यात, प्रत्येक तासाला किती चुकते, ते काढता येत होतं. सोपं नव्हतं, कारण चूक ऋतूप्रमाणे बदलत होती, पण चूक एकदा नीट मोजली की तिच्यातूनही खरी वेळ काढता येते. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तारखेच्या ओळी तिनं केल्या. शाळेसाठी म्हणून आणखी दोन ओळी घातल्या, पंधरा ऑगस्टची आणि सव्वीस जानेवारीची. संध्याकाळी आकडे वाशिमच्या कोरीव कामवाल्याला पाठवले. पाठवताना तिच्या लक्षात आलं, की सव्वीस जानेवारीच्या ओळीत नवाच्या घरात शून्य आलं आहे. ते यायलाच हवं होतं.

झेंडावंदन झालं. सतीश सरांनी पाटीवरचा कपडा ओढला. नऊ वाजत होते. पोरांनी मोबाइल काढले, सावली नवावर आली आणि टाळ्या वाजल्या. सेवालालबाबा पांढऱ्या धोतरात पुढच्या रांगेत बसले होते. ते सगळ्यांच्या आधी उठून तक्त्यापाशी गेले. बोट आकड्यांवरून फिरवत सव्वीस जानेवारीच्या ओळीवर आले. शून्यावर थांबले. मग बाराच्या घरात गेले, मग चाराच्या. तिथं शून्य नव्हतं. वरच्या ओळींत पाहिलं. जूनमध्ये पाहिलं. तीस वर्षं वेळेवर घंटा वाजवलेला माणूस होता तो.

गर्दी खिचडीकडं सरकली तेव्हा ते निकिताजवळ आले.

"बाई, हे शून्य याच दिवशी काहून?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. विचारल्यावर खोटं सांगायला आबांनी शिकवलं नव्हतं.

"बाबा, आमच्या घरी चाला."

साडेबाराला ते मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले. निकितानं सगळं सांगितलं: आधीचं घड्याळ मागं का होतं, चार बोटांनी काय झालं, टिनाचं भोक, पितळी स्क्रू. सेवालालबाबा ऐकत होते, नजर फरशीवर. कवडसा रेषेकडे सरकत होता.

"म्हणजे आधीच बरोबर होतं."

"हो."

"अन् अठरा वर्षं हा माणूस रोज माह्यासंग त्या खांबाजवळून गेला. तंबाखू मळून देल्ली मले त्याले टेकून." त्यांनी डोळे पुसले, मग एकदम हसले. "लबाड होता फौजी. लय लबाड होता."

त्यांनी बाह्या सारल्या.

"फिरवू का परत? माह्यात ताकत हाये आजून. मुन्ना धरन दुसरीकडून."

"आता नका फिरवू, बाबा," ती म्हणाली. "तक्ता स्टीलवर कोरून झाला. आता फिरवलं तर तो चुकेल."

सेवालालबाबांनी यावर थोडा विचार केला. "म्हणजे आता थे तसंच बरोबर हाये?"

"तक्ता लावला की बरोबर."

"मंग राहू दे." त्यांनी हात लांब करून कवडशाच्या वाटेत चार बोटं टेकवली. उजेड बोटांवर चढला, पलीकडे उतरला, आणि तिसऱ्या स्क्रूच्या पुढं चौथ्याकडं झुकत रेषेवर आला.

चुलीपासून गोजराबाईनं मान वळवून पाहिलं.

"आला," ती म्हणाली, आणि दोन ताटं वाढायला घेतली.